क्लिपरमधलं जुनं बिलिंग विंडोज ११ वर कसं चालवायचं?

वडिलांच्या दुकानातला क्लिपरचा (डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमच्या काळातली प्रोग्रामिंग भाषा) जुना बिलिंग प्रोग्राम नव्या विंडोज ११ वर उघडत नाही, कंपॅटिबिलिटी मोड लावूनही नाही, असं तुम्ही विचारलंय.

त्या मोडचा नाद सोडा. तुमचा प्रोग्राम १६ बिटचा, आणि ६४ बिट विंडोजमध्ये तो चालवणारा भागच (एनटीव्हीडीएम) नाही. विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती होती तोवर भागत होतं. ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी बघून पुष्कळ जण फसतात. दिसायला डॉससारखी, पण आत डॉस नाही.

तेव्हा प्रोग्रामला त्याचा डॉस आणून द्यायचा. विंडोजच्या आत डॉसची नक्कल चालवणारं डॉसबॉक्स-एक्स घ्या, फुकट आहे. साधा डॉसबॉक्स मुळात गेमसाठी बनलेला, प्रिंटिंगपाशी तो हात वर करतो. आधी सगळ्या फोल्डरची एक कॉपी पेनड्राइव्हवर काढा. मग माउंट कमांडने ते फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडायचं, सी ड्राइव्हवर जायचं आणि ईएक्सईचं नाव टाकून एंटर. आतल्या फोल्डरांची नावं आठ अक्षरांत बसणारी ठेवा. याच ओळी कॉन्फिग फाइलच्या ऑटोएक्झेक भागात (सुरू होताच आपोआप चालणाऱ्या कमांड) लिहून ठेवल्या की वडिलांना फक्त आयकॉनवर डबल क्लिक करायचं काम.

खरी डोकेदुखी प्रिंटरची. प्रोग्राम एलपीटी१ (प्रिंटरचा जुना पॅरलल पोर्ट) शोधतो, तुमचा प्रिंटर यूएसबीवर. कॉन्फिगमध्ये पहिल्या पॅरलल पोर्टसमोर 'प्रिंटर' असं (इंग्रजीत) लिहिलं की छपाई विंडोजच्या प्रिंटरकडे वळवता येते. बिलाचे समास जुळेपर्यंत दोन-चार कागद वाया जाणारच.

आणि वडिलांना बजावा: आधी प्रोग्राममधून बाहेर पडायचं, मगच खिडकी बंद. मामांच्या दुकानात मी हे बसवलं, त्यांनी थेट कोपऱ्यातली फुली दाबली. दुसऱ्या दिवशी उधारीची यादी अर्धीच! मामा माझ्याकडे असे बघत होते की विचारू नका. डीबीएफ (मूळ डेटाची फाइल) शाबूत होती, एनटीएक्स इंडेक्स (नोंदी शोधायची सूची) तेवढा बिघडला होता. मेनूतून री-इंडेक्स केल्यावर सगळी नावं परत आली.

गिऱ्हाइकांची नावं मराठीत आहेत का? जुन्या मशीनमध्ये सी-डॅकचं जिस्ट कार्ड (डॉसमध्ये भारतीय लिपी दाखवणारं) असेल, तर ते इथे नसल्यामुळे नावांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतील. तसं असेल तर कमेंटमध्ये कळवा, इस्कीतला (भारतीय लिप्यांचं जुनं कोडिंग) मजकूर युनिकोडमध्ये आणणं हा वेगळाच उद्योग आहे.