खाट टांगू नका, अंगाला टेका द्या

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. गोव्यातल्या मालीमच्या धक्क्यावरून घेतलेल्या मासेमारीच्या 40 फुटी जुन्या लाकडी होडीत चार जणांच्या निजण्याची सोय करताना, होकायंत्राला असते तशी कड्यांची चौकट करून खाटा टांगल्या तर होडी डुलली तरी खाट समतल राहील का, ही पहिली. ऑगस्टमध्ये मालवाहू जहाजावर शिकाऊ अधिकारी म्हणून रुजू होणाऱ्या तुमच्या मुलीने केबिनमधल्या अंथरुणाची काय व्यवस्था ठेवावी, ही दुसरी. मी 33 वर्षे जहाजांवर काढली, त्यातली बरीचशी खनिज वाहणाऱ्या जहाजांवर, आणि निवृत्तीनंतर वास्कोला सड्यावर राहतो. जे स्वतः पाहिले आणि जे हिशेबाने पटले, तेवढेच लिहितो.

होडीत टांगत्या खाटा करू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. टांगलेली खाट म्हणजे झोपाळा, आणि प्रत्येक झोपाळ्याच्या झोक्याला त्याचा स्वतःचा वेळ असतो. पडवीतल्या झोपाळ्याला नेमक्या क्षणी पायाच्या अंगठ्याने रेटा दिला तरी तो चढत जातो, हे आपण लहानपणापासून पाहिलेले आहे. होडीच्या हेलकाव्याचा वेळ आणि खाटेच्या झोक्याचा वेळ जुळले की प्रत्येक लाट तोच रेटा देते आणि होडी जेवढी कलते त्याच्या दुपटीतिपटीने खाट झुलू लागते. 60 सेंटिमीटर दोरीला टांगलेल्या वजनाचा पूर्ण झोका दीड सेकंदाच्या आसपास होतो आणि तुमच्या मापाच्या होडीचा पूर्ण हेलकावा साधारण 4 सेकंदांचा असावा, म्हणजे वरकरणी दोन्हींत पुरेसे अंतर दिसते. पण कड्यांच्या चौकटीत माणसाचा भार आसाच्या 60 सेंटिमीटर खाली नसतो, जेमतेम वीतभर खाली असतो, आणि भार आसाच्या जितका जवळ येतो तितका झोका मंद होत जाऊन होडीच्या वेळेला जाऊन मिळतो. त्यात निजलेला माणूस पाण्याचा तांब्या घेण्यासाठी उठून बसला की भार आसाच्या वर जातो आणि खाट त्याला घेऊन उलटू पाहते. शिवाय 70 सेंटिमीटर रुंदीची खाट 25 अंश कलली की तिची एक कड 15 सेंटिमीटर वर जाते आणि दुसरी तेवढीच खाली येते. ती कड आणि होडीची फळी यांच्यामध्ये झोपेत कोणाची बोटे सापडली तर काय होईल, याचा विचार करा.

दुसरे कारण जरा सूक्ष्म आहे, पण ते समजल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. समुद्रावर ‘खाली’ ही दिशा स्थिर नसते. लांब लाटेवर लहान होडी पाण्याच्या तुकड्यासारखी वरखाली आणि मागेपुढे नेली जाते, आणि त्या ओढीमुळे अंगाला जाणवणारी ‘खाली’ची दिशा लाटेच्या उतारासोबतच कलते. म्हणून कधी कधी होडी क्षितिजाशी चांगली तिरपी दिसत असतानाही फळीवरच्या पेल्यातले पाणी काठाशी समांतरच राहते. अशा वेळी क्षितिजाशी समतल ठेवलेली खाट शरीराला तिरपीच वाटणार. आखूड, खडबडीत लाटांत उलट घडते. होडी वेगाने कलते आणि पाणी पेल्याबाहेर सांडते. दोन्ही प्रकारच्या लाटांत योग्य ठरेल असे समतलपण साध्या कड्यांनी मिळवता येत नाही.

पोलाद तयार करण्याच्या पद्धतीमुळे ज्यांचे नाव झाले त्या हेन्री बेसेमर यांना समुद्र लागण्याचा फार त्रास होता. इंग्लिश खाडीतल्या प्रवाशांसाठी त्यांनी एक जहाज बांधवले, ज्याचे मधले दालन आसावर झुलते ठेवून, पाणसळीवर नजर ठेवणाऱ्या माणसाच्या हातून जलदाबाच्या यंत्राने समतल राखायचे होते. 1875 साली ते जहाज कॅलेच्या धक्क्यावर आदळले आणि दालनाची कल्पना तिथेच संपली. समजा, दालन तंतोतंत समतल राहिले असते, तरी ते जहाजाबरोबर वरखाली झालेच असते, आणि पोट ढवळण्याचे मोठे कारण हे वरखाली होणेच आहे. त्यातही साधारण 5 सेकंदांना एक असे उचंबळणे माणसाला सर्वांत जास्त सोसत नाही. खाट कितीही समतल राखली तरी त्यावर उपाय होत नाही. खाट कुठे ठेवली यावर मात्र बरेच अवलंबून असते.

तुम्ही म्हणाल की मग जुन्या शिडाच्या जहाजांवर खलाशी टांगत्या झोळीत कसे निजत होते. ही झोळी कोलंबसाने 1492 मध्ये बहामा बेटांवर पाहिली, तिथल्या तायनो लोकांच्या ‘हमाका’ या शब्दावरून तिला युरोपात नाव मिळाले, आणि इंग्रजांच्या नौदलाने 1597 मध्ये ती अधिकृतपणे स्वीकारली. युद्धनौकेवर एका माणसाला टांगण्यासाठी 14 इंच रुंदीची जागा मिळे, आणि निम्मे लोक पहाऱ्यावर गेले की शेजारची जागा मोकळी होई. ती झोळी कामी आली, कारण ती जहाजाच्या लांबीच्या दिशेने टांगलेली असल्यामुळे कलण्याबरोबर झुलत असे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिचे कापड तान्ह्या मुलाच्या झोळीसारखे दोन्ही कुशींना वर येऊन अंग आवळून धरत असे. मला त्यातला हा दुसरा गुण खरा वाटतो. डुलणाऱ्या जहाजात झोपमोड होते ती खाट कलते म्हणून कमी आणि अंग खाटेवर लोळते म्हणून जास्त. लोळू नये म्हणून झोपेतही पाठीचे आणि पोटऱ्यांचे स्नायू ताठ राहतात, आणि सकाळी उठल्यावर ओझी वाहिल्यासारखे अंग दुखते. अंगाला दोन्ही बाजूंनी टेका मिळाला की स्नायू सैल पडतात आणि खाट 15 अंश कलली तरी झोप लागते.

म्हणून होडीत खाटा पक्क्या बसवा, लांबीच्या दिशेने बसवा आणि अरुंद करा. खांद्याजवळ 60 ते 65 सेंटिमीटर आणि पायांकडे त्याहून थोडी कमी रुंदी पुरते. घरच्या पलंगासारखी ऐसपैस खाट समुद्रावर त्रासाचीच ठरते. जागेचे म्हणाल तर मासळी आणि बर्फ ठेवण्याचा जो कप्पा रिकामा झाला आहे, तो बहुधा होडीच्या मधोमध आणि खोल असेल, आणि निजण्यासाठी त्याच्याइतकी शांत जागा होडीत दुसरी नाही. नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, जागा दिसायला मोकळी असली तरी प्रत्येक लाटेला ती उचलली जाऊन आपटते. मात्र त्या कप्प्याला वरून झाकण आणि हवेची वाट हवी, बाहेर पडायला दुसरा मार्ग हवा, आणि इंजिनाच्या बाजूची फळी धूर आत येणार नाही इतकी बंद हवी. या तीन गोष्टी झाल्याशिवाय तिथे कोणालाही झोपवू नका.

खाटेच्या मोकळ्या बाजूला जाड सुती कॅनव्हासचा पडदा लावा. शिडाच्या नौकांवर ही पद्धत सर्रास आहे, कारण शीड भरले की नौका दिवसच्या दिवस एकाच बाजूला कललेली राहते आणि वरच्या अंगाच्या खाटेवरचा माणूस पडद्याशिवाय खाली येतो. दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेली नौदलाची ‘तारिणी’ सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन 10 सप्टेंबर 2017 रोजी गोव्याहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 21 मे 2018 रोजी परतली. अशा सफरीत आडवे होता येणे हे जेवणाइतकेच गरजेचे असते. पडद्याची खालची कड गादीखाली, खाटेच्या मध्याच्याही पलीकडे नेऊन लाकडी पट्टीखाली स्क्रूने आवळा, म्हणजे माणसाच्या वजनानेच ती दाबली जाते. पडदा खांद्यापासून मांडीपर्यंत साधारण मीटरभर लांब आणि गादीच्या वर 35 ते 40 सेंटिमीटर उंच ठेवा. डोके आणि पाय मोकळे राहिले तर घुसमटल्यासारखे होत नाही. वरच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या छताच्या तुळईतल्या कड्यांना बांधा, आणि त्यांतली एक गाठ निजलेल्याला अंधारात एका ओढीने सोडता आली पाहिजे. प्लॅस्टिकची ताडपत्री स्वस्त पडते, पण तिला घाम धरतो आणि ती अंगाला चिकटते. गादी काथ्याची घ्या, चार इंचांची पुरेल, आणि तिच्याखाली भोके पाडलेली फळी ठेवा, नाहीतर पावसाळ्याअखेर गादीला खालून बुरशी धरेल.

होडीचा हेलकावा स्वतः मोजून पाहण्यासारखा आहे. वाऱ्याची झुळूक नसताना, दोर सैल सोडून, दोघांनी एका काठावर तालात भार द्यावा, होडी डुलू लागली की थांबावे, आणि पाच पूर्ण हेलकाव्यांना लागलेल्या वेळाला पाचाने भागावे. वेळ 3 सेकंदांच्या खाली आला तर तळाशी वजन फार आहे, होडी हिसके देत सरळ होते, आणि अशा होडीत कोणत्याही खाटेवर झोप लागणार नाही. अशा वेळी वजनाची जागा आधी जाणकाराकडून तपासून घ्यावी.

मोठ्या जहाजालाही हेच लागू पडते. हेलकाव्याचा वेळ ढोबळमानाने जहाजाच्या रुंदीला 0.8 ने गुणून, स्थिरतेच्या मापाच्या, म्हणजे जीएमच्या, वर्गमुळाने भागले की मिळतो. 32 मीटर रुंद जहाजाचा जीएम 1 मीटर असेल तर हेलकावा साडेपंचवीस सेकंदांचा, 4 मीटर असेल तर 13 सेकंदांच्या आसपास, आणि 9 मीटर असेल तर साडेआठ सेकंदांचा. लोहखनिज इतके जड की जहाजाचा माल भरायचा खण निम्माही भरत नाही तोच वजन पुरे होते. सगळा भार तळाशी बसतो, जीएम वाढतो आणि जहाज झटक्याने सरळ होऊ लागते. काही जहाजांवर एक सोडून एक खण भरतात, त्याने भार थोडा वर येतो आणि हिसका सौम्य होतो. तुमच्या मुलीचे जहाज काय वाहणार आहे, ते तिने आधी विचारून घ्यावे.

माझ्या पहिल्याच जहाजावर आम्ही खनिज भरून मुरगावबाहेर नांगरून होतो. सप्टेंबर होता, वारा पडलेला, प्रवाहाने जहाज दक्षिणोत्तर फिरलेले आणि पश्चिमेकडून येणारी लांब लाट बरोबर कुशीवर. त्या कंपनीने पुरवलेली गादी इतकी लिबलिबीत होती की मी तीत रुतूनही लोळत होतो, आणि तिसऱ्या रात्री खाली पडून माझी भुवई फुटली. सकाळी मालवणकडचे आमचे वयस्कर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, केबिनमध्ये आले, गादीची बाहेरची कड उचलली, दोन घोंगड्यांच्या घट्ट वळकट्या लांबीभर खाली सरकवल्या आणि गुडघ्याने दाबून पाहिल्या. गादी आणि भिंत यांच्यामध्ये पन्हळीसारखा खोलगट भाग तयार झाला. ‘आता भिंतीक पाठ लावून नीज,’ एवढेच ते म्हणाले. त्या रात्री मी सलग सहा तास झोपलो.

तुमच्या मुलीला हेच सांगा. पुष्कळ जण गादीखाली लाइफ जॅकेट कोंबतात. तिने तसे करू नये, कारण ते दबून खराब होते आणि गरजेच्या वेळी गादी उपसावी लागते. खलाशांच्या कामाच्या अटींविषयीच्या 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, ज्याला भारताने 2015 मध्ये मान्यता दिली, बंक, म्हणजे केबिनमधली पक्की खाट, आतून किमान 198 बाय 80 सेंटिमीटर असतो, आणि 80 सेंटिमीटरमध्ये वळकटी घातली की एका माणसाला नेमकी पुरेल एवढी जागा उरते. गादी घसरत असेल तर खाली रबरी जाळीची चटई घालावी. केबिनमधला सोफा बहुधा बंकाला काटकोनात असतो. त्यावर लोळणे थांबते, पण डोके आणि पाय आळीपाळीने खाली जातात. मला ते कधी मानवले नाही, पण अनेकांना मानवते, तेव्हा तिने दोन्हींवर एकेक रात्र काढून ठरवावे. रिकामे जहाज मागे झुकलेले असते. 190 मीटर लांबीत पुढचे आणि मागचे टोक पाण्यात किती बुडाले यात 3 मीटरचा फरक असेल तर बंकाच्या नाळेकडच्या टोकाला सुमारे 3 सेंटिमीटर उंची मिळते, म्हणून उशी त्या टोकाला ठेवावी. जहाज सतत एकाच अंगाला कललेले वाटले तर उशा रचत बसण्यापेक्षा मुख्य अधिकाऱ्यांच्या कानावर घालावे, कारण तो कल टाक्यांमधले पाणी हलवून काढायचा असतो.

होडीच्या कप्प्याची आतली लांबी, रुंदी आणि तुळईपर्यंतची उंची कळवा. चार खाटा बसतील की तीनच, ते मी आराखडा काढून सांगेन.