दिवसभर शेतात राबून आल्यावर रोजचं बायबल-वाचन आणि प्रार्थना जमवायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहाटे गोठा, दिवसभर शेत, रात्री बायबल उघडलं की चौथ्या ओळीला डुलकी. प्रार्थनेत रोज तेच शब्द. रविवारी उपदेशात 'रोज मनन करा' ऐकलं की अपराधी वाटतं. मग वाचायचं काय, किती, कधी, आणि प्रार्थना करायची कशी?

'कधी'पासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. रात्रीचं वाचन सरळ बंद करा. दिवसभर अंगमेहनत केलेल्या माणसाला रात्री झोप यायलाच हवी, त्यात श्रद्धा कमी पडल्याचा काही संबंध नाही. स्तोत्र १२७ चं दुसरं वचन पहाटेपासून रात्रीपर्यंत धास्तीने राबणाऱ्यालाच सांगतं की देव आपल्या लाडक्यांना झोप देतो. मूळ हिब्रू ओळीचा अर्थ 'ते झोपेत असताना देतो' असाही लागतो. शेतकऱ्याला हा दुसरा अर्थ जास्त पटेल. का, ते पुढे येईलच.

वाचनाची वेळ घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. 'पहाटे पाच वाजता' असं ठरवलं की गाय व्याली त्या दिवशी नेम मोडतो, आणि एकदा मोडला की आठवडाभर मोडलेलाच राहतो. त्याऐवजी रोज न चुकणारं एक काम धरा. धार काढून हात धुतले की वाचायचं, इतकंच. काम तासभर पुढे गेलं तर वाचनही त्याच्यामागून जातं. दहा मिनिटं पुरतात. पुस्तक मात्र हाताशी हवं. आतल्या कपाटात ठेवलं तर ते काढायला जाईपर्यंत दुसरं काम हाक मारतं.

आता काय वाचायचं. उत्पत्तीपासून सुरू करून वर्षात सगळं संपवायचा संकल्प तुमच्यासाठी नाही. हिशोब करून बघा: प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आणि १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे दिवसाला तीन ते चार अध्याय. पेरणीच्या पंधरवड्यात चाळीस-पन्नास अध्यायांची बाकी साचते आणि माणूस पुस्तकच मिटतो. शिवाय निर्गमच्या २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची आणि त्यातल्या सामानाची, मापं लागतात. नवखा वाचक हमखास तिथे रुततो.

त्यापेक्षा दोन छोट्या जागा घ्या. पहिली, स्तोत्र १२० ते १३४. ही १५ गीतं यरुशलेमेला वर चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची मानली जातात, आणि ज्या तीन सणांना हे लोक जायचे ते तिन्ही पिकांशी जोडलेले होते: जवाची कापणी, गव्हाची कापणी आणि वर्षाअखेरची साठवण. पंधराही मिळून जेमतेम १०१ वचनं. १३२ वं सोडलं तर एकही नऊ वचनांच्या पुढे जात नाही. दुसरी जागा, मार्कचं शुभवर्तमान: १६ अध्याय, सुमारे पावणेसातशे वचनं. दिवसाला दहा-बारा घेतली तर दोन महिन्यांत होतं. घरात कुणाला वाचता येत नसेल किंवा नजर कमी असेल तर मोठ्याने वाचा. मार्क सलग वाचायला साधारण दीड तास लागतो, म्हणजे पावसाने घरात बसवलेल्या एका दुपारीही ऐकून होतो.

वाचायची पद्धत अशी. तेवढाच उतारा तीनदा वाचायचा. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा त्यात कोण काय करतंय ते बघत: कोण चालतंय, कोण पेरतंय, कोण रडतंय. तिसऱ्यांदा वाचताना एक तुकडा उचलायचा, तीन-चार शब्दांचा, आणि तो घेऊन शेतात जायचं. वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत बसणं अशा चार पायऱ्या बाराव्या शतकात गीगो नावाच्या मठवासी साधूने मांडल्या. तुमच्या दिवसात पहिली पायरी गोठ्यापाशी होते, उरलेल्या तीन बांधावर. मननाला वेगळी वेळ काढायची गरज नाही. खुरपणी, वेचणी, पाणी धरणं या कामांत हात चालतात आणि डोकं मोकळं असतं. मळणी यंत्र किंवा ट्रॅक्टर चालू असताना मात्र नको. तिथे लक्ष कामावरच हवं, मनन नंतर.

तुकडा उचलायचा म्हणजे काय, ते एका स्तोत्रावर दाखवतो. १२६ वं घ्या, सहाच वचनं. पाचव्यात अश्रूंनी पेरणारे येतात. पेरताना रडू का? जुन्या काळचं बी म्हणजे कोठारात उरलेलं खायचंच धान्य. टंचाईच्या वर्षी मूठभर बी मातीत टाकणं म्हणजे ती मूठ पोरांच्या तोंडातून काढणं. शहरातला वाचक इथे 'दुःखानंतर सुख' एवढंच वाचून पुढे जातो. बियाणं उधार आणलेल्या माणसाला तिथे थांबावं लागतं. मग त्याच्या आधीचं चौथं वचन बघा. तिथे नेगेबमधल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या कोरड्या मुलखातल्या, ओढ्यांची उपमा आहे, वर्षभर कोरडे आणि पाऊस पडला की एकदम भरून वाहणारे. म्हणजे देवाची मदत दोन तऱ्हांनी मागितली आहे, लोंढ्यासारखी एकदम आणि पिकासारखी सावकाश. तुमचा आजचा तुकडा कुठला, तो तुम्हीच उचला.

शेती जाणणाऱ्याला इथे एक फायदा आहे, तो वापरा. मार्कच्या चौथ्या अध्यायात येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळ जागेचं बी 'लगेच' उगवतं, आणि कारणही दिलंय: माती खोल नव्हती. पातळ थर लवकर तापतो, म्हणून कोंब आधी वर येतो, मुळं मात्र खडकाला टेकून थांबतात. स्तोत्र १२९ मध्ये छपरावरचं गवत येतं, तेही हेच. तिकडची घरं सपाट मातीच्या धाब्याची, पावसाने त्यावर गवत उगवायचं आणि उपटण्याआधीच वाळायचं. कापणाऱ्याची मूठसुद्धा भरत नाही, असं स्तोत्र म्हणतं. आता मार्कच्या त्याच दाखल्यातल्या काटेरी झुडपांचं बघा. पेरताना ती दिसत नव्हती, बियाण्याबरोबर वर आली. नांगरट वरवर झाली आणि मुळ्या आत राहिल्या की काय होतं, हे हरळीशी झगडलेल्याला सांगायला नको. येशूने या काट्यांचा अर्थ संसाराच्या चिंता, पैशाचा मोह आणि इतर हाव असा लावला आहे. म्हणजे दगडासारखं मन असलेल्यांची ही गोष्ट नाही. जमीन चांगली आहे, मशागत अर्धी झाली आहे.

दुसरीकडे शेतकरी वाचक एका ठिकाणी हमखास फसतो, ते म्हणजे ऋतू. बायबलच्या भूमीत पाऊस हिवाळ्यात पडतो. शरद ऋतूतला पहिला पाऊस नांगरणी-पेरणीसाठी जमीन मऊ करतो, वसंतातला शेवटचा पाऊस दाणा भरतो. जव वल्हांडण या यहुदी सणाच्या सुमारास, म्हणजे एप्रिलच्या आसपास कापणीला येतो, गहू त्यानंतर काही आठवड्यांनी, आणि उन्हाळा अगदी कोरडा. याकोबाच्या पत्रात (५:७) शेतकरी 'पहिल्या आणि शेवटच्या पावसाची' वाट बघतो, ती ही. थंडीमुळे आळशी नांगरत नाही असं नीतिसूत्रांत (२०:४) येतं, तेही यामुळेच. उन्हाळा संपल्यावर पावसाची वाट बघून पेरणाऱ्याने हे लक्षात ठेवलं नाही तर उपमा उलट्या लागतात.

मत्तय १३ मधल्या दाखल्यात शत्रूने गव्हात पेरलेलं निदणसुद्धा साधं तण समजू नका. ते गव्हासारखंच दिसतं आणि ओंबी येईपर्यंत ओळखू येत नाही. ओळखू येतं तोवर मुळं गव्हाच्या मुळांत गुंतलेली असतात. म्हणून मालक चाकरांना उपटू देत नाही. एरवी खुरपणी न करणारा मालक आळशीच म्हणायचा!

आता प्रार्थना. तेच तेच शब्द येतात, ही तक्रार मला फारशी गंभीर वाटत नाही. व्यर्थ बडबड करू नका असं सांगून (मत्तय ६:७) येशूने लगेच ठरलेल्या शब्दांचीच प्रार्थना शिकवली. अडचण ती अर्ध्या मिनिटात उरकण्याची आहे. त्यावर एक जुना उपाय आहे. प्रभूच्या प्रार्थनेत सात मागण्या मोजतात (काही मंडळ्या सहा मोजतात) आणि आठवड्याला दिवस सात. रोज पूर्ण प्रार्थना म्हणायची, पण त्या दिवशीच्या मागणीवर थांबून ती आपल्या घरापुरती मोठी करायची. रविवारी नाव, सोमवारी राज्य, मंगळवारी इच्छा, बुधवारी भाकर, गुरुवारी ऋण, शुक्रवारी परीक्षा, शनिवारी वाइटापासून सुटका.

बुधवार आणि गुरुवार तुम्हाला सर्वांत जड जातील. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' हे कोठार भरलेलं असतानाही म्हणायचं, आणि 'आम्हांला' या शब्दात मजूर आणि शेजारी दोघेही येतात. त्या दिवशी लेवीय १९:९-१० वाचा. शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा, असा तिथे सरळ नियम आहे. गुरुवारी ऋण सोडायचं. इथे मोघम 'सगळ्यांना क्षमा' म्हणून चालत नाही. बांध कोरला म्हणून ज्याच्याशी बोलणं बंद आहे, पाण्याच्या पाळीवरून ज्याच्याशी भांडण झालं, त्याचं नाव घ्यायचं. आणि आपणच बांध सरकवला असेल तर आधी तो मागे न्यायचा. शेजाऱ्याची हद्द सरकवू नको हे अनुवाद १९:१४ मध्ये आहे. भावाशी समेट करून मग अर्पण आण, हे मत्तय ५:२३-२४ मध्ये.

दिवसात तीन थांबे ठेवा: सकाळ, दुपार, संध्याकाळ. स्तोत्र ५५:१७ मध्ये हेच तीन आहेत, आणि दानिएलही दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा (६:१०). दुपारचा थांबा जेवणाआधी, दोन मिनिटांचा. संध्याकाळचा त्याहून छोटा. मधल्या वेळात एका वाक्याची प्रार्थना चालते. राजाचा प्यालेबरदार नहेम्या राजापुढे उभा असताना, प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या क्षणात प्रार्थना करतो (२:४). गुडघे टेकायला तिथे वेळही नव्हता.

पावसासाठी मागावं का? जरूर मागावं. एलीया संदेष्टा गुडघ्यांत डोकं घालून मागतो आणि चाकराला सात वेळा समुद्राकडे बघायला पाठवतो (१ राजे १८). चूक होते ती सौदा करण्यात: 'पाऊस दे, मग अमुक अर्पण करीन.' आणि पाऊस पडला की 'आमच्या प्रार्थनेने पडला' म्हणण्यात. मत्तय ५:४५ मध्ये पाऊस चांगल्यावर आणि वाइटावर सारखाच पडतो. शिवाय तुम्ही पाऊस मागता तेव्हा शेजाऱ्याचं खळं उघडं असू शकतं. म्हणून मागणी गावाच्या नावाने करा, एका शेताच्या नव्हे. मागून झालं की कामाला लागा. वाऱ्याकडे बघत बसणारा पेरत नाही, असं उपदेशक ११:४ मध्ये आहे. पेरून झाल्यावर मार्क ४:२६-२९ वाचा. तो माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं वाढतं हे त्याला कळत नाही. जमीन 'आपोआप' पीक देते. वर म्हटलेला 'झोपेत असताना देतो' हा अर्थ इथे डोळ्यांसमोर उभा राहतो. पेरणी आणि कापणी आपल्याकडे, मधलं उगवणं आपल्याकडे नाही.

पीक गेलं तर आभाराची प्रार्थना जबरदस्तीने म्हणू नका. स्तोत्रांत तक्रारीची स्तोत्रं सुमारे एक तृतीयांश आहेत, ती अशाच वेळेसाठी. १३ वं घ्या, त्यात 'किती काळ' हे चार वेळा विचारलंय. क्रम साधा आहे: हाक, तक्रार, मागणी, मग जमला तर भरवसा. ८८ व्या स्तोत्रात तर भरवशाची शेवटची ओळही नाही, ते अंधारातच संपतं. हबक्कूक ३:१७ मध्ये नुकसानीची यादी आहे: अंजीर, द्राक्ष, जैतून, शेत, मेंढरं, गुरं. आपली यादी अशीच नावानिशी देवापुढे ठेवा, कर्जाच्या आकड्यासकट. मग ती यादी पाळकाला किंवा विश्वासातल्या एका माणसालाही दाखवा. एकट्याने गुपचूप प्रार्थना करत कर्ज अंगावर वागवणारा माणूस आतून खचत जातो. आणि कुणाचं पीक गेलं तर 'काही पाप घडलं असेल' असं कुणी बोललं, तर त्याला लूक १३:४ वाचायला द्या. बुरूज पडून मेलेले १८ जण इतरांपेक्षा जास्त पापी होते का, हा येशूचा प्रश्न तिथेच आहे.

विसाव्याच्या दिवसाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तिथेही गोंधळ असतो. निर्गम ३४:२१ मध्ये नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातसुद्धा थांबायला सांगितलंय, म्हणजे नेमकं जेव्हा थांबवत नाही तेव्हा. गुरांना पाणी पाजणं, धार काढणं, विहिरीत पडलेला बैल काढणं याला हरकत नाही (लूक १३:१५, १४:५). शनिवारी संध्याकाळी वैरण कापून ठेवली, पाण्याचे हौद भरले, तर रविवारी सकाळ मोकळी मिळते. हे ज्याच्या अंगावर पडतं त्या गड्यालाही तो दिवस मिळायला हवा. निर्गम २३:१२ मध्ये बैल, गाढव आणि दासीच्या मुलाच्या विसाव्याचा वेगळा उल्लेख आहे.

रात्री अंथरुणाला पाठ टेकण्याआधी काहीतरी म्हणावंसं वाटलंच, तर स्तोत्र १३४ पाठ करून ठेवा. तीनच वचनं आहेत, दिवा मालवल्यावरही म्हणता येतात. आणि दुसऱ्या वचनाला डोळा लागला तर लागू द्या. रात्रभर मंदिरात उभे राहून सेवा करणारे पहिल्या वचनात आहेत, त्यांची पाळी आहे.