गुणपत्रिकेबाहेरचा आत्मविश्वास

“शाळेपासून पहिला क्रमांक सोडला नाही, आणि आता साधा अहवालही धड लिहिता येत नाही, मग मी तेव्हा तरी खरोखर हुशार होते का?” नोकरीची पहिली एक-दोन वर्षे काढलेले अनेक जण हा प्रश्न घेऊन येतात. येथे जिच्याविषयी लिहीत आहे, त्या तरुणीची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पदव्युत्तर परीक्षेत सुवर्णपदक मिळवून ती एका कंपनीच्या विश्लेषण विभागात रुजू झाली होती. वरिष्ठांनी केलेली प्रत्येक दुरुस्ती ती कापलेल्या गुणासारखी मोजत असे. बैठकीत बोलणे तिने बंद केले होते आणि रात्री जागून ती एकच पान पुन्हा पुन्हा लिहीत असे.

सुरुवातीला मी तिच्या झोपेची, भुकेची आणि मनःस्थितीची नीट चौकशी केली; कारण दोन आठवडे किंवा अधिक काळ उदासी हटली नाही आणि कशातच रस वाटेनासा झाला, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटणे आवश्यक ठरते. तिच्याबाबतीत तसे नव्हते.

मग आम्ही तिच्या कामाचा एक दिवस बारकाईने पाहिला. काम हाती आल्यावर पहिली शंका कोणाला विचारता, असे विचारले तेव्हा ती गप्प झाली. ती कोणालाच विचारत नसे. परीक्षेत अभ्यासक्रम ठरलेला असतो, प्रश्न दुसऱ्याने नेमका मांडलेला असतो, आणि शेजाऱ्याला विचारणे ही तर कॉपीच ठरते; नोकरीत मात्र प्रश्नच अर्धवट हाती येतो, अहवाल कोणत्या निर्णयासाठी हवा आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि कच्चा मसुदा वेळेवर दाखवणे हा कामाचाच भाग असतो. इतकी वर्षे जिने यश दिले, तीच सवय आता तिला अडवत होती. यात बुद्धीचा दोष मला दिसत नाही. परीक्षेतील गुण आणि नोकरीतील कामगिरी यांचा संबंध माफकच असतो आणि शिक्षण संपून वर्षे उलटतात तसा तो आणखी क्षीण होतो, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात आढळले होते. हे तिला मी मुद्दाम सांगितले.

“तू हुशारच आहेस” असे घरचे तिला रोज सांगत होते. मी ते टाळले. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले, की ‘हे मला जमेल’ हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो, आणि दुसऱ्यांच्या धीराच्या शब्दांपेक्षा ते काम स्वतः करून पाहिल्याने तो अधिक दृढ होतो. म्हणून आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. अहवालाचा केवळ आराखडा तयार होताच तो वरिष्ठांना दाखवायचा, आणि आलेल्या दुरुस्त्यांपैकी आपली खरी चूक कोणती, केवळ विभागाची पद्धत कोणती आणि आपल्याला आधी ठाऊक असणे शक्यच नव्हते अशी माहिती कोणती, हे वेगळे करायचे.

पहिल्याच आराखड्यातील निम्मे तक्ते वरिष्ठांनी अनावश्यक ठरवले, तेव्हा ती अतिशय खचून आली. ते तक्ते पूर्ण करण्यात किती रात्री गेल्या असत्या, याचा हिशेब मी तिलाच करायला सांगितला. दुरुस्त्या आजही येतात, पण त्यांतील खऱ्या चुका थोड्याच असतात, हे तिने स्वतः वर्गवारी करून पाहिले आहे. बैठकीत बोलणे अजून जड जाते. त्यासाठी तूर्तास मत मांडण्याऐवजी आधी लिहून आणलेली एक शंका विचारण्यापासून आम्ही सुरुवात केली आहे.