पासवर्ड आधी परत द्या

पत्र : "मी कळव्यात राहतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत २१ वर्षं काढली. आधी टर्नर, मग सुपरवायझर. कास्टिंग महिना-महिना शॉपमध्ये पडून राहायचं आणि २८ तारखेला साहेब 'डिस्पॅच, डिस्पॅच' ओरडत यायचे. शेवटी कंपनी बंद पडली. देणी अजून अडकलेली आहेत. मुलगी १९ वर्षांची आहे, मेकॅनिकल डिप्लोमाला ८४ टक्के. डिग्रीला तिला प्रॉडक्शनकडे जायचंय. मी म्हणतो कॉम्प्युटर घे. प्रॉडक्शन म्हणजे पट्ट्यापुढे उभं राहून बोल्ट आवळायचे, तेही उद्या रोबोट करणार. वर मुलीच्या जातीला नाइट शिफ्ट. प्रवेशाच्या फॉर्मचा पासवर्ड मी माझ्याकडे ठेवलाय. ती घरात बोलत नाही. बायको दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेते, तर गेल्या वर्षी ही मोबाइलवर वेळ लावून चकल्या मोजत बसली, आईला दुसरा सोऱ्या घ्यायला लावला, 'कागदावर दोन घाण्यांपेक्षा जास्त चकल्या पाडायच्या नाहीत' असा तक्ता भिंतीला चिकटवला. परवा वाद झाला तेव्हा मी तो फाडला. तिला कॉम्प्युटरकडे कसं वळवू?" – एक वडील, कळवा

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात गुण, शाखा, रोबोट असं बरंच काही आहे, पण मी अडकले ती पासवर्डपाशी. १९ वर्षांच्या मुलीच्या फॉर्मची किल्ली तुमच्या खिशात आहे. ती आज संध्याकाळी तिच्या हातात द्या, मग पुढचं वाचा. मी चिडून लिहितेय असं वाटलं तर बरोबरच वाटलं. दर पावसाळ्यात ठाण्यातल्या माझ्या छोट्या खोलीत असा एखादा बाप येतो, मुलाच्या वतीने सगळं स्वतःच बोलतो, आणि दोन वर्षांनी तोच मुलगा केट्यांची, म्हणजे नापास होऊन राहिलेल्या विषयांची, यादी घेऊन एकटा येतो. तेव्हा बाप बाहेर रिक्षात बसलेला असतो.

"ती घरात बोलत नाही," असं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. तिचा तक्ता फाडल्यावर तिने काय बोलावं अशी तुमची अपेक्षा होती?

तुमची भीती मला खोटी वाटत नाही. २१ वर्षं ज्या गेटातून आत गेलो त्याला एके दिवशी कुलूप, आणि हक्काचे पैसे कागदपत्रांत अडकलेले. त्याच रस्त्याला आता काचेच्या इमारती आणि डेटा सेंटरं. गळ्यात पट्टा अडकवून आत जाणारी पोरं रोज दिसत असणार. आपली लेक त्या काचेच्या आत असावी, असं वाटणं साहजिक आहे. पण तुम्ही तिला कॉम्प्युटरकडे पाठवत नाही आहात, त्या कुलपापासून लांब पाठवताय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरीसाठी तिच्या आयुष्यातली तीन वर्षं खर्च करू नका.

आता त्या बोल्टकडे येते. "पट्ट्यापुढे उभं राहून" हे तुम्ही, एका टर्नरने, लिहावं याचं मला नवल वाटलं. तुम्ही स्वतः २१ वर्षांत कधी सरकत्या पट्ट्यापुढे उभे राहिलात का? व्हॉल्व्हच्या कारखान्यात तसा पट्टा नसतोच. पट्टा म्हणजे फोर्डची मोटार. १९१३ साली अमेरिकेतल्या हायलंड पार्कच्या कारखान्यात तो सुरू झाला आणि एक चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, जोडायला जिथे साडेबारा तास लागत, तिथे पुढच्या वर्षापर्यंत दीड तास लागू लागला. काम इतकं कंटाळवाणं झालं की माणसं टिकेनात. १९१४ च्या जानेवारीत फोर्डने दिवसाला ५ डॉलर जाहीर केले, म्हणजे जवळजवळ दुप्पट, त्यामागचं एक कारण हेच होतं. सिनेमात आणि तुमच्या डोक्यात जो 'कारखाना' आहे तो हा. पण एकच वस्तू लाखोंनी करायची असेल तरच असा पट्टा परवडतो. लग्नाचा ब्लाउज शिवणारा शिंपी पट्टा लावत नाही. त्याचं काम ऑर्डरप्रमाणे, प्रत्येक माप वेगळं. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या डाय, म्हणजे साचे, बनवणाऱ्या टूलरूमचंही तसंच, त्याला जॉब शॉप म्हणतात. दुसऱ्या टोकाला रिफायनरी. तिथे एकेक 'नग' नसतोच, सगळं नळातून वाहतं, आणि बंद करायचं म्हटलं तरी एका बटणाने बंद होत नाही. म्हणून तिथे तीन पाळ्या, कंट्रोल रूम आणि काही वर्षांनी एकदा शटडाउनची धांदल. या सगळ्यांच्या मधे तुमचा कारखाना: आज या मापाचे दोनशे व्हॉल्व्ह, परवा त्या मापाचे पन्नास. इंग्रजीत याला बॅच म्हणतात. आपल्याकडे फार जुना शब्द आहे, घाणा. तुमच्या बायकोला विचारा.

रोबोटचंही तेच. जिथे तेच ते अखंड होतं तिथे तो आधी पोचतो, आणि पोचलाही आहे. जिथे दर दोन दिवसांनी काम बदलतं तिथे आज कुठलं काम कुठल्या मशीनवर आधी चढवायचं हे ठरवणारं डोकं लागतं. तुमच्या मुलीला ते डोकं व्हायचंय. बोल्ट आवळणारी व्हायचं नाहीये.

आता महिना-महिना पडून राहणाऱ्या कास्टिंगबद्दल. पत्रातली ही ओळ मी तीनदा वाचली. तुम्ही ती साहेबांवरचा राग म्हणून लिहिलीत. पण सगळे लेथ एका शेडमध्ये, ड्रिलिंग दुसऱ्या, ग्राइंडिंग पार टोकाला, अशी मांडणी असली की तुकडा मशीनवर कमी आणि ट्रॉलीवर जास्त राहतो. मशीन-टूल उद्योगातला एक जुना अंदाज पाठ्यपुस्तकांत आजही देतात: अशा कारखान्यात तुकडा जितका काळ असतो, त्यातला जेमतेम ५ टक्के वेळ तो मशीनवर असतो. उरलेले ९५ टक्के हलण्यात आणि ताटकळण्यात जातात. म्हणजे तुम्ही लेथ कितीही जोरात चालवलात तरी त्या ५ टक्क्यांतच फरक पडणार होता. यात तुमचा आळस नव्हता, युनियनचा नव्हता, आणि कदाचित साहेबांचाही नव्हता. मांडणीच तशी होती. पुढे अनेक ठिकाणी सारख्या घडणीचे भाग एकत्र करून त्यांना लागणारा लेथ, ड्रिल, ग्राइंडर शेजारी-शेजारी लावले. त्याला सेल म्हणतात. तुकडा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, ट्रॉली लागत नाही.

आणि आता चकल्या.

पत्रात तुमच्या मुलीची बाजू मांडणारी एकच गोष्ट आहे आणि ती तुम्ही तिचा गुन्हा म्हणून लिहिलीय. तिने काय केलं ते बघा. चकली पाडायला वेळ लागत नाही, तळायला लागतो, कारण आच मोठी केली की बाहेरून लाल आणि आतून मऊ. म्हणजे अडतं ते कढईशी. तरीही आपण बायका काय करतो? हात मोकळा आहे म्हणून पाडत सुटतो. कागदावर पन्नास चकल्या वाळत पडतात, उचलताना तुटतात. तिने लिहिलं, दोन घाण्यांपुरत्याच पाडा. कढईने मागितल्याशिवाय पुढे ढकलू नका. टोयोटात ताइइची ओनो यांनी कानबानच्या चिठ्ठ्यांनी नेमकं हेच केलं होतं, पुढच्याने ओढल्याशिवाय मागच्याने बनवायचं नाही. आणि तो दुसरा सोऱ्या! चकलीची चकती काढून शेवेची घालायची म्हणजे सोऱ्या धुवा, पुसा, पीठ भरा, तोवर तेल नुसतं तापतंय. दुसरा सोऱ्या हाताशी असला तर ही तयारी पहिला चालू असतानाच होते. १९६९ साली टोयोटाच्या एका हजार टनी प्रेसवर साचा बदलायला चार तास लागत होते. शिगेओ शिंगो यांनी तो वेळ आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. मुख्य युक्ती हीच होती: मशीन बंद असतानाच करावं लागणारं काम कोणतं आणि चालू असताना उरकता येणारं कोणतं, हे वेगळं काढणं. साचा पटकन बदलला की घाणा लहान ठेवता येतो, आणि घाणा लहान झाला की माल पडून राहत नाही. तुमचं ते कास्टिंग आठवा.

मी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवत नाही. एका दिवाळीवरून कुणी इंजिनिअर होत नाही. पण दरवर्षी मला 'आवड आहे' म्हणणारी पुष्कळ मुलं भेटतात, आणि आवडीपायी घड्याळ लावून बसलेलं एखादंच.

कॉम्प्युटरबद्दल एक गंमत सांगते. १९६३ साली छापलेलं एक कोडं आहे. १० कामं, १० मशीन, प्रत्येक कामाने आपापल्या ठरलेल्या क्रमाने सगळ्या मशीनवरून जायचं. सगळं कमीत कमी वेळात कसं संपवाल? याहून चांगलं उत्तर असूच शकत नाही, हे सिद्ध व्हायला १९८९ उजाडलं. मशीन फक्त दहा! तुमच्या शॉपमध्ये किती होती? तेव्हा शेड्यूलिंग, म्हणजे कुठलं काम कधी कुठल्या मशीनवर हे ठरवणं, हा कॉम्प्युटरवाल्यांनाही घाम फोडणारा विषय आहे, आणि ज्याने शॉप पाहिलंय त्याला तो जास्त चांगला कळतो. तिने पायथन शिकावं, जरूर शिकावं. त्यासाठी तीन वर्षं मेकॅनिकल शिकलेल्या मुलीला शाखा बदलून थेट दुसऱ्या वर्षात, ज्यांनी पहिल्या वर्षापासून कोडिंग केलंय त्यांच्या शेजारी बसवायची गरज नाही.

तिलाही दोन शब्द, म्हणजे सगळं तुमच्याच वाट्याला आलं असं नको. प्रॉडक्शन नावाची शाखा मोजक्याच कॉलेजांत आहे. नावासाठी हटून बसू नकोस. मेकॅनिकल घे, त्यात औद्योगिक अभियांत्रिकी, ऑपरेशन्स रिसर्च हे विषय निवड. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर, कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांतून, हे तुला माहीतच असेल. पुढे एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेला प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा वेगळा पेपर आहे, आणि पवईची १९६३ ची नीटी ही संस्था, जी २०२३ पासून आयआयएम मुंबई झाली, ती याच विषयासाठी उभी राहिली होती. पहिला पगार मैत्रिणींच्या आयटीतल्या पगारापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे, ते आत्ताच गिळून टाक. आणि मुलाखतीला गेलीस की कंपनीचं नाव बघून हुरळू नकोस. विचार, तुमच्याकडे माल ऑर्डरवर बनतो, घाण्याने, पट्ट्यावर, की अखंड? तुझी झोप, तुझी सुट्टी आणि दिवसभर तुझ्याशी कोण भांडणार, हे सगळं त्या उत्तरात असतं.

नाइट शिफ्टचंही थोडं त्यावरूनच ठरतं. अखंड चालणाऱ्या प्लांटात पाळी चुकत नाही. नियोजनाच्या टेबलावर बहुधा जनरल शिफ्ट असते, आणि महिनाअखेरीस ती लांबते, हे तुम्ही मला सांगायला हवं. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना रात्री ७ ते सकाळी ६ काम करायला मनाई केली होती. आता संमती, सुरक्षितता आणि येण्या-जाण्याची सोय अशा अटींवर परवानगी आहे. जायचं की नाही हे ती ठरवेल. 'मुलीच्या जातीला' हे शब्द मात्र पुन्हा मला लिहू नका.

तिला कसं वळवू, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्याऐवजी तुम्हालाच एक काम देते. फॉर्म भरण्याआधी एक कामाचा दिवस काढा आणि तिला घेऊन वागळे इस्टेटच्या गल्ल्यांतून फिरा. मग रबाळे, महापे. तुमचे जुने सहकारी अजून कुठे ना कुठे मशीनवर असतीलच, त्यांच्या ओळखीने दोन-तीन गाळ्यांत आत जा. एखादी टूलरूम, एखादं घाण्याने चालणारं शॉप. माल कुठे पडून आहे हे तिला बघू दे, आणि का पडून आहे हे तुम्ही सांगा. तिच्या कॉलेजातल्या कुणाही प्राध्यापकाला हे तुमच्याइतकं सांगता येईल असं मला वाटत नाही.

पुढचं पत्र तिच्या हातचं येऊ द्या. फाटलेला तक्ता तिला आठवत असेल, तो त्यात पुन्हा काढून पाठवायला सांगा: एका घाण्यात चकल्या किती, मिनिटं किती, शेगडीच्या आचेचं काय केलं. मला तिला एक विचारायचंय. अडतंय कढईशी हे कळल्यावर तिने आईला सोऱ्या घ्यायला लावला. मग दुसरी कढई का नाही?