थर्ड इयरची पोरं सगळं नव्यानेच डिझाइन करतात, तयार पार्ट वापरायला कसं शिकवायचं?

मॅडम, तयार पार्ट घ्या म्हटलं की पोरांना ती कॉपी वाटते असं तुम्ही लिहिलंय, पण यात पोरांचा दोष कमी आणि आपल्या मार्कांचा जास्त. शीट भरलेली दिसली की मार्क मिळतात, मग ती कशाला थांबतील?

मी शाफ्टवरनंच सुरू करतो. समजा गणितात २१.७ मिमी आलं, पोरं २२ करतात आणि पुढं पळतात. तिथंच अडवायचं, बेअरिंग कुठलं बसवणार? ६२०४ नंबरच्या बेअरिंगचं बोअर, म्हणजे आतलं भोक, २० मिमी, ६२०५ चं २५ (०४ पासून पुढं शेवटच्या दोन आकड्यांना ५ नं गुणलं की बोअर, हे कित्येकांना फायनल इयरपर्यंत कुणी सांगितलेलंच नसतं). २२ बोअरचं बेअरिंग जगात नाही असं नाही, पण आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात काउंटरवर मागून बघा. म्हणजे बेअरिंग बसतं त्या सीटवर शाफ्ट २५ चा. तो ठरला की हाउसिंग (बेअरिंग बाहेरनं धरणारं घर) ५२ चं, रुंदी १५, सरक्लिप, ऑइल सील सगळं त्याच्यामागनं येतं, पोरांनी काढायचं राहतं ते फक्त मधलं.

मग ड्रॉइंग घेऊन त्यांना खरंच उद्यमनगरात पाठवा. मटेरियल लिस्टला तीन कॉलम करायला लावायचे: दुकानात मिळतं, मिळतं पण थोडं मशिनिंग लागतं, आणि नवीनच करावं लागणार. तिसऱ्या कॉलममधल्या प्रत्येक पार्टपुढं कारण लिहायचं, आणि मार्क त्या कारणाला. लिस्ट निम्म्यावर येते बघा.

जमलं तर शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावातल्या एखाद्या फौंड्रीचं पॅटर्न स्टोअर पण दाखवा (पॅटर्न म्हणजे ज्यावरनं ओतकामाचा साचा बनतो तो नमुना). आपल्याकडं हे शिकवायला यापेक्षा भारी जागा नाही. जुन्याच ब्रॅकेटच्या कास्टिंगवर दोन होलांची जागा बदलली तर ड्रिलिंगचं जिग (ड्रिलला जागा दाखवणारं साधन) बदलून भागतं, पण रिब (मजबुतीची पट्टी) ५ मिमीनं सरकवली की पॅटर्नला हात लावायचा, पुन्हा सॅम्पल काढायचं, पुन्हा तपासायचं, आणि स्क्रीनवर दोन्ही बदल एका क्लिकचेच दिसतात! पॅटर्नमेकरच्या तोंडून ऐकलं की डोक्यात बसतं, आपण वर्गात कितीही घसा कोरडा केला तरी तसं बसत नाही.

फक्त रीयूज म्हणजे भंगारातलं काहीही उचला असं होऊ देऊ नका. बाहेरच्या रिंगवर हातोडी मारून शाफ्टवरनं उपसलेलं बेअरिंग परत घालायचं नाही, तो दणका बॉलमधनं जातो आणि रेसवर, म्हणजे बॉल फिरतात त्या खाचेवर, खड्डे पडतात. नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले) एकदा काढले की तेपण नवेच घ्यायचे.

आणि कॉपीचं म्हणाल तर गणित सुटत नाहीच. ६२०५ दुकानात मिळतंय म्हणून घेतलं असं चालत नाही, लोड काढून लाइफ तपासायलाच लागतं, बॉल बेअरिंगवर लोड दुप्पट झाला की लाइफ आठव्या हिश्श्यावर येतं. व्हायव्हाला मी हेच विचारतो, हाच पार्ट का घेतला आणि याच्या आधीचा नंबर का नाही चालला. कॉपी करणारा तिथंच गप्प होतो.