कारागिराच्या जागेवरून

प्रिय मित्रा,

आपण दागिने घडवावेत, राजकारण ज्यांचे त्यांनी करावे, मुंबईत भुलेश्वरच्या माळ्यावर बसून काम करणाऱ्याला त्याचे काय, असे तू लिहिले आहेस. तुझ्या वयाची बरीच मुले आज हेच म्हणतात, म्हणून सविस्तर लिहितो. माझे मत याच्या अगदी उलट आहे. राजकारण आपल्या कामाच्या जागेपर्यंत रोज येते. मात्र ते भाषणांतून येत नाही, तर भाव, कर, हॉलमार्क आणि परवाना यांच्या रूपाने येते, त्यामुळे ते आपल्याला ओळखू येत नाही.

आपला दिवस कसा जातो ते पाहा. पेढीवरून सोने तोलून येते, त्याचा कस आणि वजन वहीत लिहिले जाते, मग मूस, पत्रा, तार, डाग म्हणजे सांध्यांची जोडणी, कानस आणि झिलई. संध्याकाळी दागिना, उरलेले सोने आणि ठरलेली घट यांचा हिशेब जुळावा लागतो, आणि खालची धूळसुद्धा झाडून जपून ठेवावी लागते. या सोन्यात आपल्या मालकीचे काहीच नसते. आपली असते ती मजुरी, आणि तीही बहुधा वजनावर. २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव एक लाखाच्या पुढे गेला, तेव्हा पेढीच्या तिजोरीतल्या मालाची किंमत आपोआप वाढली. आपल्याकडे मात्र जाड पाटल्यांऐवजी हलक्या बांगड्यांची कामे येऊ लागली. हलक्या दागिन्यातले हातकाम कमी होत नाही, उलट पातळ पत्र्याला डाग देताना अधिक जपावे लागते, पण मजुरी वजनाबरोबर खाली उतरते. म्हणून कोणत्याही सरकारी निर्णयावर मत बनवताना पेढीचे हित ते आपले हित असे गृहीत धरू नकोस. २०१६ मध्ये एक टक्का अबकारी कराविरुद्ध सराफांनी जवळजवळ दीड महिना दुकाने बंद ठेवली. त्यांचा आक्षेप रास्त होता असे मला आजही वाटते, पण बंद काळातल्या बुडालेल्या मजुरीचा प्रश्न वाटाघाटीत कोण मांडणार होते?

त्याआधीची गोष्ट तर तुझ्या पिढीने मुद्दाम वाचावी. चीनशी झालेल्या युद्धानंतर, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, १९६३ च्या जानेवारीत चौदा कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास बंदी झाली आणि देशभर असंख्य सोनारांचा रोजगार बुडाला. सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द व्हायला १९९० साल उजाडले. आता २०२५ पासून नऊ कॅरेटच्या दागिन्यालाही हॉलमार्क मिळतो. त्या वेळी जे कायद्याने लादले, त्याकडे आज भाव लोकांना ढकलत आहे.

याचा अर्थ सरकारचे प्रत्येक पाऊल आपल्या विरोधात असते असा नाही. २०२१ च्या जूनपासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या हॉलमार्कला मी मनापासून पाठिंबा देतो. घरातले सारे पैसे घालून मुलीसाठी मंगळसूत्र घेणाऱ्या आईला त्यातले सोने खरे आहे याची खात्री मिळालीच पाहिजे, मग कस कमी भरल्यामुळे परत आलेला नग दुरुस्त करण्याचा भार आपल्यावर पडला तरी चालेल.

धुराड्यांचा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. काळबादेवी आणि भुलेश्वरच्या दाट वस्तीत सोने गाळण्याचा आम्लयुक्त धूर रहिवाशांच्या खिडक्यांत शिरतो, ही त्यांची तक्रार खरी आहे आणि महापालिकेने धुराडी हटवली याबद्दल मी तिला दोष देणार नाही. परंतु भट्टी बंद झाल्यावर छोट्या कारागिराने कोठे जावे, हे विचारायला मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ या काळात नगरसेवकच नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. निवडणूक लांबणे म्हणजे काय, हे मला त्या काळात समजले.

आणखी एक गोष्ट, जी मला फार लागते. आपल्या शेजारी बसणारे अनेक कारागीर मेदिनीपूर, हुगळीकडून आलेले आहेत. बांगला बोलतात एवढ्यावरून त्यांच्याकडे संशयाने पाहणारे बोलणे अलीकडे वाढले आहे. कागदपत्रे तपासणे हे पोलिसांचे काम आहे, ते त्यांनी कायद्याने करावे. तू मात्र अशा बोलण्यात सामील होऊ नकोस. मराठी माणसाने ठुशी, वज्रटीक आणि कोल्हापुरी साज घडवण्याची विद्या टिकवावी, अशी माझी तळमळ आहे, आणि ती कोणाला हाकलून नव्हे, तर आपल्या मुलांनी पुन्हा या कामाला बसल्यानेच टिकेल.

कोणत्या पक्षाला मत द्यायचे ते मी सांगणार नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांपैकी सोनारकाम एक आहे आणि पात्र ठरणाऱ्याला पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. सरकार आवडो वा न आवडो, अर्ज कर. आणि नव्या नगरसेवकाला भट्टीच्या पर्यायी जागेविषयी लेखी निवेदन दे, त्यावर शेजारच्या माळ्यांवरच्या कारागिरांच्या सह्या घे, पोच घ्यायला विसरू नकोस. मसुदा आधी माझ्याकडे पाठव. मी वाचून दुरुस्त्या सुचवीन.

तुझा,
एक जुना कारागीर