नॉर्मंडीचे 'विचित्र' रणगाडे, आपली पुळण आणि रुतलेल्या गाड्या

गुहागरकर, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. १९४४ साली दोस्त सैन्याबरोबर फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलेले ते साखळ्या फिरवणारे, पूल वाहणारे, पोहणारे रणगाडे खरंच उपयोगी पडले की ते इंग्रजांचं खूळ होतं. आपल्या सैन्यात तसं काही होतं का. आणि गुहागरच्या पुळणीवर असा रणगाडा पोहत येऊ शकेल का. वरच्या दोन उत्तरांत 'पर्सी हॉबर्ट नावाच्या तऱ्हेवाईक जनरलची करामत' एवढ्यावर विषय मिटवलेला दिसला. माझी नोकरी ई.एम.ई.मध्ये, म्हणजे सैन्याच्या दुरुस्ती शाखेत, रुतलेल्या, बंद पडलेल्या गाड्या ओढून आणण्यात गेली. मला तरी या गाड्यांचा उगम माणसाच्या डोक्यापेक्षा पायाखालच्या जमिनीत जास्त दिसतो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो. आमच्याकडे मुरूड-कर्द्याच्या पुळणीवर शनिवार-रविवारी या. ओहोटीच्या ओल्या, कडक वाळूवर पाहुण्यांची गाडी मजेत पळते. वळवून वरच्या सुक्या वाळूत घातली की चाकं जागच्या जागी फिरतात, भरती चढू लागते आणि गावातला ट्रॅक्टर शोधायची पळापळ सुरू होते. त्याच किनाऱ्यानं खाडीच्या तोंडाकडे गेलात तर वर वाळू दिसते, पण खाली गुडघाभर चिखल. नॉर्मंडीवर उतरायचं ठरवणाऱ्यांना हीच धास्ती होती. म्हणून ३१ डिसेंबर १९४३च्या रात्री मेजर लोगन स्कॉट-बाउडन आणि सार्जंट ब्रूस ऑग्डेन-स्मिथ हे दोघं पोहत त्या किनाऱ्यावर गेले. जर्मन पहारा वर असताना त्यांनी वाळूत गिरमिट घालून नमुने काढले आणि तसेच पोहत परतले. वाळूखाली मऊ चिकणमातीचे पट्टे असल्याची शंका होती. इंग्लंडात नॉरफोकच्या किनाऱ्यावर तशीच जमीन सापडली, तिथं चाचण्या झाल्या, आणि ब्रिटिशांच्या चर्चिल रणगाड्याच्या तोंडाशी सुमारे ३ मीटर रुंद जाड कापडाचा रूळ बसवला गेला. गाडी पुढे जाईल तसं कापड जमिनीवर पसरत जायचं आणि मागच्या गाड्या त्यावरून चालायच्या. फोटोत हास्यास्पद दिसणाऱ्या त्या यंत्रामागे दोन माणसांनी जिवावर उदार होऊन आणलेली वाळू आहे.

आता पोहणारा रणगाडा. ही कल्पना मूळच्या हंगेरियन निकोलस स्ट्रॉसलरची. अमेरिकन शर्मन रणगाड्याभोवती जाड ताडपत्रीचा पडदा, तो उभा धरायला हवा भरलेल्या रबरी नळ्या, मागे दोन पंखे. पडदा उभा असेपर्यंत तीसेक टनांचं धूड तरंगतं, पडदा पडला की दगड. लाटा फूटभर उंच असतील या हिशेबानं तो बनला होता. ६ जून १९४४ला समुद्र त्यापेक्षा कितीतरी खवळलेला होता. नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यावर अमेरिकेच्या ७४१व्या टँक बटालियननं २९ गाड्या दूरवर पाण्यात सोडल्या, त्यातल्या २७ बुडाल्या. दुसऱ्या बटालियननं समुद्राचा रंग बघून आपल्या गाड्या थेट काठापर्यंत तराफ्यांवरून नेल्या. ६ जूनला आपल्याकडे मासेमारी बंद असते आणि होड्या शाकारून ठेवलेल्या असतात, हे सांगायला नकोच. तेव्हा गुहागरला जानेवारीत, वारा पडलेला असताना, तो कदाचित येईल. मे महिन्यातल्या दुपारच्या वाऱ्यात मी माझा माणूस त्यात बसवणार नाही.

या गाड्यांचा दुसरा बाप म्हणजे दिएप. १९ ऑगस्ट १९४२ला त्या फ्रेंच बंदरावर छापा घातला तेव्हा कॅनडाच्या चर्चिल रणगाड्यांचे पट्टे किनाऱ्यावरच्या गोट्यांनी निखळले. जे वर चढले त्यांना काँक्रीटच्या अडथळ्यांनी अडवलं. ते अडथळे उडवायला जे सॅपर (लष्करी इंजिनिअर) उघड्यावर धावले, त्यातले बहुतेक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. यातून निघालेला निष्कर्ष साधा होता: सॅपरला चिलखतात बसवा. मग चर्चिलची तोफ काढून २९० मिलिमीटरचा आखूड उखळी मारा करणारा नळा बसवला, जो १८ किलोचा गोळा जेमतेम ७०-८० मीटर फेकायचा, पण काँक्रीट फोडायचा. भरायचा मात्र बाहेरून, झाकण सरकवून हात वर काढून. टपावर खंदक बुजवायला काटक्यांची मोळी किंवा पुढे ३० फुटी पूल लावायचा. एकाच सांगाड्यावर ही सगळी अवजारं बसत होती.

सुरुंग साफ करणारा शर्मन क्रॅब भाताच्या झोडणीसारखा चालायचा: पुढे फिरता रूळ, त्याला ४३ साखळ्या, त्या जमीन बडवत जायच्या आणि सुरुंग फुटत जायचे. वेग ताशी दोन किलोमीटर. धुरळ्यात तोफ आंधळी. याच्या आधीचा मटिल्डा स्कॉर्पियन १९४२मध्ये इजिप्तमधल्या अल अलामीनच्या लढाईत होता, त्यात साखळ्यांचं वेगळं इंजिन बाजूला एका पेटीत असायचं आणि त्याशेजारचा माणूस धुळीनं गुदमरू नये म्हणून गॅस मास्क घालून बसायचा.

हॉबर्टचं श्रेय मी नाकारत नाही. गडी जन्मला आपल्या नैनितालला, १८८५ साली, आणि उमेदीच्या काळात बेंगॉल सॅपर्समध्ये होता. १९४०मध्ये वरिष्ठांशी न पटून घरी बसवलेला हा मेजर जनरल होमगार्डात लान्स कॉर्पोरल झाला, तिथून पंतप्रधान चर्चिलनी त्याला परत आणलं. पण त्याचं मोठं काम यंत्रांपेक्षा कारभाराचं होतं. त्याची ७९वी आर्मर्ड डिव्हिजन एकसंध अशी कधी लढलीच नाही. चार गाड्या याला, सहा त्याला, काम झालं की परत. गाडीबरोबर आपला अधिकारी बेत आखायच्या बैठकीला जाणार, हा त्याचा आग्रह. नाहीतर प्रत्येक सेनापती सुरुंगवाल्या गाडीला साधा रणगाडा समजून पुढे ढकलतो.

आणि कल्पना म्हणाल तर ती त्याच्याही आधीची. रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले १५ सप्टेंबर १९१६ला. वर्षभरानंतर, २० नोव्हेंबर १९१७ला फ्रान्समधल्या कांब्रेच्या लढाईत, टपावर मोळ्या घेतलेले, आकड्यांनी तारांची कुंपणं उपटणारे, रसद वाहणारे रणगाडे हजर होते. १९१८मध्ये तीसेक शिपाई पोटात घेणारा मार्क ९ बनला.

'अमेरिकेनं हे रणगाडे नाकारले म्हणून ओमाहावर रक्त सांडलं' हे वाक्य दर सहा जूनला फिरतं. मला ते पटत नाही. अमेरिकेनं पोहणारे रणगाडे घेतले होते, बुलडोझर लावलेले शर्मनही घेतले होते. चर्चिलवरच्या गाड्या घेतल्या असत्या तर सुटे भाग, मेकॅनिक, प्रशिक्षण सगळं वेगळं लागलं असतं. कारखान्यात वाढलेला माणूस हा मुद्दा आधी बघतो. ओमाहाच्या मागचे उंच कडे साखळ्या बडवून सपाट होणार नव्हते.

माझ्या मते या साऱ्या गोतावळ्यातली थोर गाडी म्हणजे बीच आर्मर्ड रिकव्हरी व्हेईकल. टरेट (वरचा फिरता बुरूज) काढलेला, जहाजाच्या नाळेसारखं उंच पोलादी डोकं बसवलेला शर्मन, अडीच मीटर पाण्यात उभा राहणारा, चमूत एक पाणबुड्या. बंद पडलेली गाडी ओढायची आणि वाळूत टेकलेला तराफा नाकावरच्या लाकडी ठोकळ्यानं परत पाण्यात लोटायचा. ब्रिटिशांनी पुढे तीच गाडी सेंच्युरियन रणगाड्यावर बनवली, मग लेपर्ड १वर. भपकेबाज भावंडं संपली, ही टिकली.

का टिकली ते ओढायच्या हिशेबात आहे. रुतलेला रणगाडा चाकांपर्यंत गेला तर त्याच्या वजनाएवढी ओढ धरायची, फेंडरपर्यंत गेला तर दुप्पट, टरेटपर्यंत गेला तर तिप्पट. म्हणजे ४० टनांच्या गाडीला १२० टन. तेवढा जोर एका विंचमध्ये (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रात) नसतो, म्हणून पुल्या लावून तो वाढवायचा आणि ओढणाऱ्या गाडीनं पुढचा फाळ जमिनीत रोवायचा. फाळ नीट बसला नाही तर रुतलेली गाडी जागेवरच राहते आणि ओढणारी सरकत तिच्या भेटीला जाते. (पुळणीवर ट्रॅक्टर आणणाऱ्यांनो, दोर बंपरला बांधू नका, पुढच्या हुकाला बांधा. आणि दोराच्या रेषेत पोरांना उभं करू नका.)

आता आपल्याकडे. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातून आलेल्या फोर्डच्या सांगाड्यांवर टाटांच्या पोलादाचे पत्रे चढवून हजारो चिलखती गाड्या इथं बनल्या. पण १९४८च्या एप्रिलमध्ये जम्मूतल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग साफ करणारी गाडी नव्हती. तेव्हा मूळ कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत, दोरीनं चालकाला थांब-चल सांगत, सुरुंगांतून वाट काढत गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. १६ डिसेंबर १९७१ला बसंतर नदीवर सुरुंगांतली वाट पुरती साफ व्हायच्या आतच १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे सेंच्युरियन पुढे घातले गेले. क्रॅबची किंमत कळायला ही दोन उदाहरणं पुरेत.

पोहणारी गाडी म्हणाल तर १९७१ला पूर्व आघाडीवर आपल्याकडे रशियन पीटी-७६ होती, ताडपत्रीशिवाय तरंगणारी. मेघनेसारखं रुंद पात्र ओलांडताना तिचं इंजिन तापायचं आणि ती देशी होड्यांना बांधून ओढावी लागायची.

रूपांतराचा सगळ्यात जास्त फायदा आपण विजयंता रणगाड्यामधून काढला. रणगाडा म्हणून तो जुना झाला, पण लांबवलेल्या सांगाड्यावर १३० मिलिमीटरची रशियन तोफ चढवून कॅटापल्ट ही चालती तोफ बनली आणि पूल टाकणारा कार्तिक बनला. पुलांचं हे काम पुण्याजवळ दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेचं, टी-७२वरचा २० मीटरचा पूलही तिथलाच. आता कल वेगळ्या गाडीऐवजी जोडणीकडे आहे: जुलै २०२०मध्ये टी-९०ला लावायच्या १,५१२ सुरुंग-नांगरांची मागणी बीईएमएल या सरकारी कंपनीला दिली गेली. क्रॅबनं जे काम खास गाडीनं केलं, ते साध्या रणगाड्याच्या नाकाला फाळ लावून होतं.

डोळ्यांनी बघायचं असेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय गाठा. तिथं एक ग्रँट रणगाडा आहे जो पाहायला लोक थांबत नाहीत, कारण तो साधाच वाटतो. त्याच्या टरेटमध्ये तोफेऐवजी १ कोटी ३० लाख मेणबत्त्यांच्या ताकदीचा आर्क दिवा बसवायचे, शत्रूला रात्री आंधळं करायला. गुप्तता इतकी पाळली की नॉर्मंडीत तो वापरलाच नाही. १९४५मध्ये ऱ्हाईन ओलांडताना थोडाफार चालला आणि १९४६च्या दंगलीत कलकत्त्याच्या रस्त्यांवर फिरला. जगात असे दिवेवाले फार थोडे उरलेत. ओळखायची खूण: टरेटच्या पुढच्या पत्र्यात उभी, दोनेक इंच रुंद फट, आणि तिच्या बाजूला खोटी नळी.